शाकाहाऱ्याचे सुळे

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीच्या बागेत डायनासोर बसवला, त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी एकटीने विचारलं, "त्याला सुळे का आहेत?"

हा प्रश्न मी आजही मागे घेतलेला नाही. त्या सुळ्यांपायी पुढे अख्खा प्राणीच क्रेनने उचलून न्यायची पाळी आली, माझ्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि कॉलनीच्या अध्यक्षांना रक्तदाबाची गोळी वाढवून घ्यावी लागली. पण प्रश्न बरोबर होता. बरोबर प्रश्नाला आपल्याकडे टाळी पडत नाही, यात माझा काय दोष?

डायनासोर साधासुधा नव्हता. आत सळया, वर जाळी, त्यावर सिमेंट. शेपूट घसरगुंडीपाशी सुरू व्हायची आणि मान थेट बी विंगच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोकावायची. तिथल्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात त्याच्या नाकावर पायपुसणं वाळत घातलं. बनवणारे मूर्तिकार पंचवटीतले, गणपतीवाले. आमच्या कॉलनीचा गणपती वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच येतो, म्हणून डायनासोरही त्यांच्याकडेच गेला. त्यामुळे पाय हत्तीचे, नखं हत्तीची, रंग हत्तीचा आणि डोळे साक्षात गणपतीचे. लांबट, अर्धे मिटलेले, सगळं समजून घेणारे. आणि त्या डोळ्यांखाली हाताएवढे दोन पांढरेशुभ्र सुळे. म्हणजे वर लिहिलंय 'बाळा, भिऊ नकोस' आणि खाली लिहिलंय 'ये, तुला खातो.'

आई सकाळी बागेत फिरायला जाते. तिसऱ्या फेरीला ती त्याच्यासमोर चप्पल काढून हात जोडायची.

"आई, तो डायनासोर आहे."

"असू दे गं. बघतो कसा, बघ."

"तो सिमेंटचा आहे!"

"आणि आपला गणपती कशाचा असतो?"

घरात अशी परिस्थिती. बाहेर त्याहून वाईट. पुतळ्याच्या पायाशी फलक लावला होता: 'बृहत्कायोसॉरस. भारतातील महाकाय शाकाहारी डायनासोर.' शाकाहारी! फलक म्हणतो शाकाहारी आणि दोन मजले वर सुळे! रोज शेकडो माणसं त्या फलकासमोरून जातात, एकाचीही मान खालून वर जात नाही. मला याचाच राग येतो. चुकीचा नाही येत इतका.

मी वाचायला बसले. हा प्राणी तमिळनाडूत सापडला. सापडला म्हणजे काय, तर मांडीच्या हाडाचा भाग, नडगी, कमरेचे तुकडे, शेपटीचा एखादा मणका. मान नाही, डोकं नाही, दात तर नाहीतच. आणि जी हाडं सापडली तीही इतकी ठिसूळ की पुढे त्यांची माती झाली. उरली वर्णनं आणि चित्रं. तेवढ्यावरून शास्त्रज्ञ म्हणतात की जमिनीवर चाललेल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांमधला हा एक असावा. 'असावा'! ज्यांनी हाडं हातात धरली ते 'असावा' म्हणतात, आणि आमची कॉलनी सुळे बसवून मोकळी!

मी पत्रक काढलं. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. गोदावरीतल्या प्लॅस्टिकवर, झाडांना ठोकलेल्या खिळ्यांवर, बुवाबाजीवर. आम्हाला शिकवलंय की मथळा असा हवा की हातात भाजीची पिशवी असलेला माणूससुद्धा थांबला पाहिजे. मी पिवळ्या कागदावर ठळक अक्षरात मथळा दिला: 'शाकाहाऱ्याला सुळे कशासाठी? कॉलनीला जाहीर सवाल!' आणि पत्रक सगळ्या विंगच्या सगळ्या दारांखालून सरकवलं.

माणसं थांबली. नको तिथे थांबली.

झालं असं की त्या महिन्यात ए विंगच्या लिफ्टमध्ये मासळीचा वास येतो यावरून आधीच धुसफूस चालू होती. माझ्या पत्रकात खाली हाडं होती, मणका होता, तमिळनाडू होतं. पण दाराखालून आलेलं पत्रक उभ्या उभ्या वाचतात, आणि उभं असताना माणूस मथळ्यापुढे जात नाही. सकाळी सी विंगमधले एक गृहस्थ मला दुधाच्या पिशव्यांसह जिन्यात आडवे आले.

"रविवारच्या मटणावर बोलायचं असेल तर तोंडावर बोल. डायनासोरच्या आडून नको."

"काका, ते डायनासोरबद्दलच आहे."

"सगळे असंच म्हणतात."

दुपारी ए विंगच्या काकूंचा फोन. त्या चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करणाऱ्या. "छान लिहिलंस हो. आमचं इतके दिवस कोणी ऐकत नव्हतं. पुढच्या पत्रकात सुरमईचंही घे."

संध्याकाळी बागेत दोन घोळके झाले. एक डायनासोरच्या शेपटीकडे, एक तोंडाकडे. डायनासोरवर कोणीच बोलत नव्हतं.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. आमचे अध्यक्ष प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर छापलेल्या कागदांतल्या चुका शोधल्या, त्यामुळे निवृत्तीनंतर एकही चूक बघायची नाही असं त्यांनी ठरवलंय. त्यांचं एकच धोरण आहे: वाद नको. पार्किंगचा वाद झाला तेव्हा त्यांनी रेषा पुसल्या होत्या. बाकावरून वाद झाला तेव्हा बाक उचलला होता.

"पुतळ्यामुळे कॉलनीत दुफळी माजली आहे," ते म्हणाले. "पुतळाच नको. येत्या रविवारी क्रेन येईल, पायापासून कापून नेतील."

मी उभी राहिले. "काका, मी पुतळा काढा म्हटलेलंच नाही! मी दुरुस्ती मागितली आहे. फक्त सुळे."

"अगं, दुरुस्ती म्हटली की मतं आली. किती दात, कसले दात. पुतळा गेला की मतच नाही."

"हा काय न्याय झाला?"

"न्यायाचं मी कुठे म्हटलं? मी शांततेचं म्हणतोय."

हात वर झाले. शेपटीकडच्यांनी हात वर केले कारण तोंडाकडच्यांनी केले, आणि तोंडाकडच्यांनी शेपटीकडच्यांना बघून केले. कॉलनीच्या इतिहासातला पहिला एकमताचा ठराव. मी विरोधात हात वर केला तर शेजारच्या आजोबांना वाटलं मला पाणी हवंय.

दुसऱ्या दिवसापासून बागेतली मुलं मी दिसले की शेपटीवरून उतरून निघून जायची. आईने पोहे वाढले, पण माझ्याकडे न बघता. शेवटी भांडी आवरताना म्हणाली, "त्याने तुझं काय खाल्लं होतं गं?"

यावर पत्रकात उत्तर देता येत नाही. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

मग मी ठरवलं, थेट मूर्तिकाराला गाठायचं. सुळे काढून घ्यायचे, फलक आणि तोंड जुळवायचं, आणि अध्यक्षांपुढे ठेवायचं: घ्या, वाद संपला. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचा कारखाना. गाडी लावायला जागा नाही, रिक्षावाले शिव्या देतात. आत न रंगवलेले गणपती रांगेने बसलेले, सगळ्यांवर प्लॅस्टिक. मध्ये स्टुलावर मूर्तिकार. साठीच्या पुढचे, आवाज मात्र विशीतला.

"कोण? पत्रकवाली ना तुम्ही?" त्यांना बातमी पोचली होती. "बसा. नाय, त्याच्यावर नका बसू, ते गणपतीचं पोट हाय."

मी दुसरीकडे बसले आणि मुद्द्यावर आले. "काका, त्या प्राण्याला सुळे नव्हते."

"डोकं सापडलं का त्याचं?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्याच्या जातीचे दुसरे प्राणी सापडलेत. त्यांचे दात असतात खुंटीसारखे, पाला ओरबाडायला."

"हत्ती काय खातो?"

"पाला."

"त्याला सुळे हायेत का नाय?"

"ते बाहेर वळलेले असतात! तुम्ही वाघासारखे खाली सोडलेत!"

"हत्तीचं मला नका सांगू," ते म्हणाले आणि मागच्या सगळ्या रांगेकडे हात केला. "आणि एवढं अंग पाल्यावर भरतं होय? मला विचाराल तर रोजचे धा बोकड लागत असतील त्याला."

आता माझ्याकडे हुकमी पुरावा होता. मी पुढे सरकले. "काका, विदर्भात अशा डायनासोरांचं शेण सापडलंय. दगड झालेलं. शास्त्रज्ञांनी ते फोडून बघितलं. आत झाडपाला आणि गवताचे अंश."

त्यांनी हातातला ब्रश शेजारच्या पोटावर ठेवला.

"शेण?"

"शेण."

"म्हणजे शिकलेली माणसं तिकडं शेण चिवडत बसतात, नि तुम्ही इकडं येऊन माझे दात काढता?" आणि इतके हसले की पोटावर ठेवलेला ब्रश खाली पडला. "खरं सांगू का ताई? सुळे नाय दिले तर ती म्हैस दिसत होती. एवढी मोठी म्हैस बघायला कोण येईल?"

म्हणजे कारण हे होतं. मला वाटलं होतं निदान अज्ञान असेल. मी रागाने म्हणाले, "ठीक आहे, ठेवा सुळे. तशीही रविवारी क्रेन येतेय. पुतळाच काढताहेत."

हसू थांबलं. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. पत्रक पोचलं होतं, ठराव पोचला नव्हता.

"काढून कुठं नेतात?"

"कुठे ठेवायला नाही. पायापासून कापणार."

ते उठले, एका गणपतीवरचं प्लॅस्टिक नीट केलं, ते आधीच नीट होतं. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलले. "जन्मभर मूर्ती केल्या. एका मूर्तीकडं परत जाऊन बसलो नाय. दहा दिवस, की पाण्यात. लोक वाजवत नेतात, मीपण वाजवतो. त्याचं वाईट नाय, ते तसंच असतंय. पण हे एक काम असं झालं की गेलं की जागेवर हाय. दर बुधवारी जातो मी. बायकोला सांगतो भाजी आणतो."

"दाराशी भाजीबाजार असताना नाशिक रोडला?"

"तिला संशय हायच."

मी आवाज खाली आणला. माझ्यासाठी हे सोपं नाही. "मग काका, सुळे काढा ना. बाकी मी बघते."

"निघत नाय," ते वळून म्हणाले. "जबड्याच्या दोन सळया हायेत ना, त्याच पुढं काढून त्याचे दात केलेत. दात कापले की जबडा लोंबल. तोंड वासून बसल मेलेल्यासारखा."

म्हणजे सुळे ठेवले तर पुतळा जातो आणि सुळे काढले तर तोंड जातं. मी घरी येऊन दुसरं पत्रक काढलं, या वेळी पांढऱ्या कागदावर: 'पुतळा वाचवा!' सी विंगचे गृहस्थ म्हणाले, "आधी काढा म्हणता, मग ठेवा म्हणता. मटणाचं काय ठरलं ते सांगा." ए विंगच्या काकूंनी पत्रकाची घडी करून डगमगणाऱ्या टेबलाखाली घातली. तो कागद जाड होता, हे मान्य.

शनिवारी सकाळी स्कूटरचा आवाज आला. मूर्तिकार आले होते. पुढे सिमेंटची पिशवी, मागे त्यांच्या पत्नी, मांडीवर रंगाचे डबे. बाईंनी उतरल्याबरोबर पुतळ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हीच का ती भाजी?"

"हीच," ते म्हणाले.

"मला वाटलं दुसरी कोण असल." आणि त्या सावलीत बसल्या. जरा निराश झाल्यासारख्या वाटल्या.

मूर्तिकारांनी बी विंगच्या काकूंची गॅलरी ताब्यात घेतली, कारण डोकं तिथेच येत होतं. पायपुसणं बाजूला झालं. मी बादली घेऊन हजर. आईही आली, माझ्याशी न बोलता, त्यांच्यासाठी चहा घेऊन. त्यांनी सुळ्यांना जाळी गुंडाळली, वर सिमेंटचे गोळे चढवले, तारा वाकवून बाहेर सोडल्या. मला वाटलं, खुंटीसारखे दात करताहेत. मनातून मी विजयी झाले. मग त्यांनी गोळ्यांना पांढरा रंग दिला, खाली बारीक मुळ्या काढल्या आणि तारांवर सिमेंट थापून त्यांना हिरव्याचा हात मारला.

"काका, हे काय?"

"कांदा. पातीचा कांदा. जुडी धरलीय तोंडात."

मी गॅलरीचा कठडा धरला. "त्या काळात कांदा नव्हता!"

"तुम्ही होता?"

"कोट्यवधी वर्षांचा फरक आहे! नेचे करा, सूचीपर्णी झाडांचा पाला करा, मी फोटो आणलेत."

"ते मला येत नाय. चुकीचं होईल." हे ते मला म्हणाले! "कांद्याची पात मला डोळे मिटून येते. नामपूरचा हाय मी. लहानपणी मार्केटात कांद्याच्या गोण्यांवर झोपायचो. ह्या सुळ्याच्या आकारात दुसरं काय बसतंय सांगा? एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळतं. देवाने कांदाच दिलाय."

"हे अवैज्ञानिक आहे."

"हो का? मग पाडू द्या त्यांना. उद्या येतातच."

खाली मुलं जमली होती. माना वर करून उभी. हिरवी पात वाऱ्यावर हलेल असं वाटत होतं, इतकी ती चांगली उतरली होती, हेही मला सांगितलं पाहिजे, कारण मी खोटं लिहीत नाही. त्यांनी हात मागे करून बादली मागितली.

मी बादली दिली. निषेध नोंदवून दिली.

रविवारी क्रेन आली. ड्रायव्हरने आधी पुतळ्यासोबत स्वतःचा फोटो काढला. अध्यक्ष आले, दोन्ही घोळके आले, शेपटीकडचे शेपटीकडे आणि तोंडाकडचे तोंडाकडे. मूर्तिकार पुढच्या पायाला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. त्यांच्या बोटांवरचा हिरवा रंग अजून गेला नव्हता.

अध्यक्षांनी मान वर केली. कागदातली बारीक चूक पकडणारे ते डोळे बऱ्याच वर्षांनी कामाला लागले. "सुळे कुठे गेले?"

"कांदे खातोय," मूर्तिकार म्हणाले. "फलकावर शाकाहारी लिहिलंय ना? आता तोंडातपण शाकाहारी."

सी विंगचे गृहस्थ खूश. "कांदा म्हणजे उत्तमच. कांद्याशिवाय मटण होत नाही. आमची हरकत नाही."

ए विंगच्या काकू पुढे आल्या. "पण चातुर्मासात? चातुर्मासात आमच्यासमोर हा कांदा खात बसणार?"

अध्यक्षांचा हात खिशातल्या गोळीकडे गेला. "बघा. बघा, आला वाद."

"चातुर्मासात तोंडावर कापड बांधा," शेपटीकडून कोणीतरी म्हणालं.

"आणि मुलांना काय सांगायचं? याला सर्दी झालीय?" तोंडाकडून उत्तर आलं.

"अहो वहिनी," आई म्हणाली. आई सहसा सभेत बोलत नाही. "हा जिवंत होता तेव्हा चातुर्मास कुठे होता?"

"हेच!" मी ओरडले. "हेच मी कांद्याबद्दल..."

आईने माझा पाय दाबला. चपलेसकट. इतक्या दिवसांत तिने मला पहिल्यांदा काही सांगितलं होतं, आणि ते मला पूर्ण समजलं.

काकूंनी वर बघितलं. तो त्यांच्याकडे बघत होता, सगळं समजून घेऊन. "खाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "मुकं जनावर."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पहिली हरकत तुझी. तू काढलीस म्हणून हे सगळं. तुझं समाधान झालं का? हो किंवा नाही. पत्रक नको."

सगळी कॉलनी माझ्याकडे बघत होती. मुलं बघत होती. क्रेनचं इंजिन चालूच होतं. मूर्तिकार माझ्याकडे बघत नव्हते, ते पुतळ्याच्या गुडघ्यावरचा सिमेंटचा एक शिंतोडा नखाने काढत होते, आणि तो निघत नव्हता. माझ्या डोक्यात कोट्यवधी वर्षं होती, नेचे होते, दगड झालेलं शेण होतं. मी आयुष्यात कुठल्याही सभेत 'हो' म्हटलेलं नाही. मला त्याची सवयच नाही, कुठे जोर द्यायचा तेही कळेना.

"झालं," मी म्हणाले. "हरकत नाही."

"मोठ्याने."

"हरकत नाही!"

अध्यक्षांनी ड्रायव्हरला हात केला. क्रेन मागे मागे जाताना फाटकाला घासली, आणि फाटक कोणी दुरुस्त करायचं यावर तोंडाकडचे आणि शेपटीकडचे मिळून तिकडे धावले. फलकाखाली मी नंतर कागद चिकटवला: 'या प्राण्याच्या काळात कांदा नव्हता.' तो मुलांनी काढला. मी पुन्हा चिकटवला. हे अजून चालू आहे.

बाग रिकामी झाल्यावर मूर्तिकारांनी डबे आवरले. पत्नी स्कूटरवर बसून हॉर्न वाजवायला लागल्या. माझे आभार त्यांनी मानले नाहीत, मीही अपेक्षा केली नव्हती, कारण तो कांदा चूकच आहे आणि हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी पुतळ्याच्या पायावर दोनदा थाप मारली, आपण गोठ्यात मारतो तशी.

"चल," ते त्याला म्हणाले. "उद्या येतो."